खाताना चित्र घ्यायचं नाही

नव्या मराश मोहल्ल्यात लग्न झालं की लोक आधी विचारत, "ओन्निक आला होता का?" पाद्री आला होता का, हे नंतर. पाद्रीशिवाय लग्न लागत नाही हे खरं, पण ओन्निकच्या कॅमेऱ्याशिवाय ते लागलं हे अमेरिकेतल्या मावशीला पटवायचं कसं? म्हणून बैरूतच्या नदीपलीकडे, आमच्या बुर्ज हम्मूदच्या आर्मेनियन वस्तीत, ओन्निक कझाझियानला सगळे 'लग्नवाला ओन्निक' म्हणत. ही गोष्ट लेबनॉनमधल्या यादवी युद्धाच्या आधीची. तेव्हा गल्लीतल्या समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून बायका एकमेकींना मीठ देत होत्या आणि मीठ देता देता तिखटही लावत होत्या.

ओन्निक चाळिशी उलटलेला, गोल, सदा घामाघूम. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि गळ्यात चावीवर चालणारा फिल्मचा कॅमेरा. चावी भरली की तो कॅमेरा अर्धा मिनिट घर्रघर्र करायचा आणि थांबायचा, मग पुन्हा चावी. त्यामुळे ओन्निकनं टिपलेलं प्रत्येक लग्न अर्ध्या-अर्ध्या मिनिटांचं होतं. आमच्यातली काही लग्नं प्रत्यक्षातही फारशी लांबली नाहीत, पण त्याचा दोष कॅमेऱ्याला देता येणार नाही.

दुकानावर पाटी मात्र होती 'फोटो वाहराम'. वाहराम उस्ता हा ओन्निकचा गुरू. कारागिरीत मुरलेल्या माणसाला आमच्याकडे उस्ता म्हणतात, मग तो चांभार असो, सोनार असो की फोटोवाला. हृदयानं कुरकुर सुरू केली तेव्हा उस्तानं दुकान ओन्निकच्या हवाली केलं आणि निवृत्त झाला. निवृत्त झाला म्हणजे आधी आत बसायचा तो दारात खुर्ची टाकून बसायला लागला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दिवसभर त्या खुर्चीवरून काचेच्या कपाटातल्या फोटोंची हजेरी घ्यायची, हा त्याचा उद्योग.

"ओन्निक, हा नवरदेव आहे की जामिनावर सुटलेला?"

"त्याचा चेहराच तसा आहे, उस्ता."

"चेहरा देवानं दिला, उजेड तुला द्यायचा होता ना?"

उस्ताचे नियम होते आणि ते ओन्निकच्या हाडीमाशी खिळले होते. टक्कल असलेल्या माणसावर वरून उजेड टाकायचा नाही. नवरी रडत असेल तर टिपायची, सासू रडत असेल तर चावी वाया घालवायची नाही. आणि सगळ्यांत वरचा नियम, जो मोडला म्हणून उस्तानं एकदा ओन्निकच्या थोबाडीत दिली होती: खाताना कुणाचं चित्र घ्यायचं नाही. का, ते उस्तानं कधी सांगितलं नाही. "तोंडात घास असला की राजासुद्धा म्हैस दिसतो," एवढंच म्हणायचा. ओन्निकला ते पटलं होतं. ताट आलं की त्याचा हात आपोआप खाली जायचा आणि कॅमेऱ्याला झाकण लागायचं. त्याच्या लग्नांच्या रिळांत पाहुणे भरलेल्या टेबलाशी बसताना दिसत आणि पुढच्याच क्षणी उष्ट्या ताटांपुढे नाचताना.

हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. मग होव्सेप कल्हईवाल्याच्या नातीचं लग्न आलं.

होव्सेप मूळचा खऱ्या मराशचा, म्हणजे तुर्कस्तानातल्या. एकोणीसशे पंधरा साली तिथल्या सरकारनं आर्मेनियन लोकांना घरांतून बाहेर काढलं, पुरुषांना बहुतेक गावाबाहेरच मारलं आणि बायकापोरांना सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. त्यातून जे उरले ते आमचे आजी-आजोबा, आणि गेलेल्या गावांची नावं त्यांनी इथल्या गल्ल्यांना दिली. होव्सेप त्यांतला सगळ्यांत घुमा. भांड्यांना कल्हई करायचा आणि भांड्यांशीसुद्धा बोलायचा नाही. पण नातीच्या लग्नात काय झालं कुणास ठाऊक, कोफ्त्याचा गोळा हातात घेऊन म्हातारा एकदम म्हणाला, "माझ्या आईच्या हातचा असाच होता." आणि बोलायलाच लागला. वाजंत्री थांबली. ओन्निकनं नुकतीच चावी भरली होती. त्यानं पाहिलं, होव्सेपच्या हातात कोफ्ता. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

दोन महिन्यांच्या आत होव्सेप गेला. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि त्याचा मुलगा झारेह ओन्निकला म्हणाला, "ते लग्नाचं रीळ लाव रे. बाबांना बोलताना बघायचंय सगळ्यांना." भिंतीवर चादर ताणली. चादरीवर होव्सेपनं टाय नीट केला, पोलिसाकडे बघावं तसं भिंगाकडे बघितलं, पेला उचलला. आणि लगेच केक कापला गेला.

"पुढे?" झारेहनं विचारलं.

"पुढे केक."

"अरे, मधलं! बाबा आयुष्यात एकदाच बोलले. तू समोर होतास!"

"होतो की. पण ते खात होते."

"मग?"

ओन्निकनं प्रोजेक्टर बंद केला. झारेह चांगला माणूस, तो ओरडला नाही. त्यानं चादर काढून घडी केली, आणि ते ओन्निकला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवसापासून ओन्निकला घास गोड लागेना. दुकानात बसल्या बसल्या त्याला गल्लीतले म्हातारे दिसायला लागले. इतकी वर्षं ते लग्नांत नवरानवरीच्या मागे धूसर उभे असायचे. आता तो त्यांच्याकडे असा बघे की माक्रुहीआजीनं एकदा गॅलरीतून दोरीची टोपली खाली सोडता सोडता विचारलं, "काय रे, माझ्या शवपेटीचं माप घेतोस काय?"

शेवटी त्यानं बायकोला सांगितलं, "मी म्हाताऱ्यांचा चित्रपट काढणार. त्या वर्षी काय झालं ते त्यांच्या तोंडून."

सिरवार्त कपडे वाळत घालत होती. "लग्नं कमी पडली वाटतं? पैसे कोण देणार, म्हातारे?"

"मराशकर मंडळ फिल्मचा खर्च देतंय."

"आणि आवाज? तुझा हा कॅमेरा मुका आहे."

"टेपरेकॉर्डर आहे ना आपल्याकडे. तू धर."

"म्हणजे फुकटात मी," सिरवार्त म्हणाली आणि शेवटचा चिमटा असा लावला की ओन्निकला तो आपल्याच कानाला लागल्यासारखा वाटला. पण ती तयार झाली. तिचेही आजोबा गेलेले होते, न बोलता.

ओन्निकच्या मनात सगळ्यांत आधी उस्ता होता. उस्ताला आई-बाप नव्हते, तो अनाथालयात वाढला, गुरून नावाच्या गावचा होता, इतकंच सगळ्यांना माहीत. डॉक्टरांनी उस्ताला जिना चढायला बंदी केली होती. जिना चढू नका म्हणतात तेव्हा पुढचं काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. उस्ता गेला आणि असाच गेला, तर आपण आयुष्यभर केलं काय, केकच टिपले, या विचारानं ओन्निकला धडकी भरे.

"उस्ता, सुरुवात तुमच्यापासून करू."

"मी कॅमेऱ्याच्या मागचा माणूस."

"एकदा पुढे या की."

"पुढे काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर मागे गेलो," उस्ता म्हणाला, आणि खुर्ची उलटी फिरवून रस्त्याकडे पाठ करून बसला. त्या खुर्चीची पाठ म्हणजे शेवटचा शब्द, हे गल्लीतल्या मांजरांनाही माहीत होतं.

मग ओन्निकनं बाकीच्यांपासून सुरुवात केली. पहिली माक्रुहीआजी. तिनं काळा रेशमी झगा घातला, गळ्याशी पिन लावली आणि खुर्चीत अशी ताठ बसली की जणू मागून कुणी खुंटी ठोकली आहे. सिरवार्तनं टेप सुरू केली.

"आजी, नाव सांगा."

"नाव? मेल्या, बाप्तिस्म्याला तुला मांडीवर धरलं होतं मी. माझा झगा भिजवलास."

"ते फिल्मसाठी आजी."

"माक्रुही."

"त्या वर्षी काय झालं?"

"काय व्हायचंय. देवाची मर्जी." आजीनं भिंगाकडे संशयानं पाहिलं. "तोंडं सुकली रे पोरांची. आधी खाऊन घ्या, मग विचारा."

मग मांती आली. मांती म्हणजे नखाएवढ्या होड्यांत मांस भरून भाजतात आणि वर दही-लसूण ओततात तो प्रकार. माक्रुहीआजीच्या होड्या इतक्या लहान की एका चमच्यात अख्खं आरमार मावतं. ताटं मांडली गेली. ओन्निकचा हात खाली गेला, कॅमेऱ्याला झाकण लागलं. आजीनं पहिला चमचा तोंडात घातला, आणि ती बोलायला लागली. आईनं दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत कशी टाकली इथपासून. ओन्निक ऐकत होता, खात होता, त्याच्या डोळ्यांतलं पाणी दह्यात पडत होतं. ताटं उचलली गेल्यावर त्यानं घाईघाईनं चावी भरली.

"हं आजी, आता तेच पुन्हा सांगा."

"सांगितलं की आत्ता. कॉफी घेणार?"

वर्षभर हे असंच चाललं. सिस गावच्या सिसकरांकडे भरल्या वांग्यांचे दोलमे, आइनताब गावच्या आइनताबकरांकडे कबाब, एका घरी नुसती ऑलिव्हं आणि पाव, पण खाल्ल्याशिवाय सुटका कुठेच नाही. आमच्या म्हाताऱ्यांची ही रीतच. समोरचा खायला लागल्याशिवाय त्यांचं मन निर्धास्त होत नाही, आणि निर्धास्त झाल्याशिवाय ते त्या रस्त्यावर परत पाऊल टाकत नाहीत. ओन्निकच्या जाकिटाची बटणं लागेनाशी झाली. तो मात्र खूश होता. सगळं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यामुळे ते फिल्मवरही उतरलं असणार असं त्याला मनापासून वाटत होतं. रिळं धुऊन यायला वेळ लागे, आणि आलेली त्यानं न बघता डब्यात ठेवली. म्हणाला, एकदम लावू मंडळात.

मंडळाची बैठक शाळेच्या वरच्या खोलीत भरली. अध्यक्ष बार्केव, दातांचे डॉक्टर, पुढच्या खुर्चीवर. माक्रुहीआजी शेजारी, त्याच काळ्या झग्यात. दिवे मालवले.

पडद्यावर माक्रुहीआजी ताठ बसली. मग उष्टी ताटं आणि डोळे पुसणारी माक्रुहीआजी. एक सिसकर आजोबा टोपी काढून बसले. मग उष्टी ताटं आणि नाक शिंकरणारे आजोबा. एक आइनताबकर नवराबायको, मग ताटं, मग रुमाल. एकामागून एक, सगळा गोतावळा.

दिवे लागले तेव्हा डॉक्टर बार्केवांनी घसा साफ केला. "ओन्निक, हे सगळे जेवणाआधी मुके आणि जेवणानंतर रडके. मधे काय झालं?"

"मधे जेवण झालं," ओन्निक म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण हे पाहून कुणालाही वाटेल की आमच्या बायकांचा स्वयंपाक वाईट आहे!"

खोलीत हशा पिकला. ओन्निकला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. होव्सेपच्या वेळची चूक त्यानं लग्नाच्या माथी मारली होती. आता लग्न नव्हतं, केक नव्हता. होता तो आपला हात, जो ताट दिसलं की खाली जातो.

तेवढ्यात मागून सिरवार्त म्हणाली, "माझ्याकडे आहे."

"काय?"

"मधलं. सगळं."

"तू टेप बंद नव्हती केलीस?"

"कशी करणार? एका हातात ताट, दुसऱ्या हातात चमचा. बटण काय नाकानं दाबू?"

तिनं टेप लावली. आधी चमच्यांचा आवाज. मग माक्रुहीआजी, किल्ली, विहीर. मधेच "दही घे ना" आणि पुन्हा रस्ता, तहान, नदी. खुद्द माक्रुहीआजी कानामागे हात धरून ऐकत होती. थोड्या वेळानं ती डॉक्टरांना म्हणाली, "ही म्हातारी कोण रे? बरोबर सांगतेय."

टेप संपल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "आवाज आहे ओन्निक, पण तोंडं नाहीत. उद्या कुणी म्हणेल, कोण बोलतंय कशावरून? पुन्हा घे. त्यांना खाताना घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओन्निक दुकानात गेला तो तडक खुर्चीपुढे उभा राहिला. उस्ता ऊन खात होता.

"उस्ता, तुमचा नियम मोडतोय मी."

"कोणता?"

"खाण्याचा."

"मोड. आणि पाटीवरून माझं नाव काढ."

आजवर ओन्निकनं उस्तापुढे कधी आवाज चढवला नव्हता. आज चढला. "होव्सेप गेला, उस्ता! त्याच्या पोराला मी केक दाखवला. तुमच्या नियमापायी माझ्याकडे वर्षभराची उष्टी ताटं आहेत. माणसं घास घेऊन बोलतात, तर मी काय करू? आणि म्हैस दिसली तर दिसू दे! म्हैस तर म्हैस, पण ती बोलतेय ना!"

समोरच्या गॅलरीतून माक्रुहीआजीची टोपली अर्ध्यावर येऊन थांबली. उस्ता उठला. त्याचा हात छातीवर गेला आणि ओन्निकचा सगळा राग पळाला. "बसा, उस्ता, बसा. नाही मोडत. काही नाही मोडत."

उस्ता बसला. त्यानं गळ्याचं बटण सोडलं. मग म्हणाला, "म्हशीचं कारण खोटं आहे रे."

ओन्निक त्याच्या पायाशी पायरीवर बसला.

"डोंगरावरच्या अनाथालयात होतो मी. एक फोटोवाला आला, परदेशी. देणगी मागायला फोटो लागायचे. तिकडचे लोक फोटो बघायचे आणि पैसे पाठवायचे, त्यावर आम्ही जगलो. हे आधी लक्षात ठेव, नाहीतर भलतंच कुठे लिहून ठेवशील. चांगली माणसं होती." उस्तानं खिशातला रुमाल काढला आणि पुन्हा आत घातला. "आम्हाला ओळीनं बसवलं. पुढे सूप. गरम. वाफ येत होती. तो म्हणाला, चमचा तोंडाजवळ धरा. खाऊ नका, धरा. हललात तर चित्र बिघडेल. धरला. मग ढग आला. तो म्हणाला, थांबा, ऊन येऊ दे. थांबलो. हात भरून आला. सूपावर साय धरली. नंतर मिळालं खायला, उपाशी नाही राहिलो. पण थंड मिळालं."

"उस्ता..."

"तेव्हाच ठरवलं, कॅमेऱ्याच्या त्या काळ्या कापडाच्या मागे जायचं. तिथं तरी कुणी चमचा धरायला सांगत नाही. आणि मागे गेलो की मी कुणाला सांगणार नाही." त्यानं ओन्निककडे बघितलं. "तुझ्या थोबाडीत मारली होती मी. आठवतं?"

"आठवतं."

"बरं केलं होतं," उस्ता म्हणाला. मग खुर्ची फिरवली. ओन्निकला वाटलं, झालं, संपलं. पण त्या पाठीकडून आवाज आला, "रविवारी येतो तुझ्याकडे जेवायला. सिरवार्तला तानाबूर करायला सांग. आणि तुझं ते यंत्र तयार ठेव. पण एक ऐक. मी खाणार. तुझ्यासाठी थांबणार नाही. चावी संपली तर तू आणि तुझी चावी."

रविवारी उस्ता इस्त्रीचा कोट घालून आला. ओन्निकचं घर दुकानाच्या मागेच, तळमजल्यावर, जिन्याची भानगड नाही. आल्या आल्या त्यानं खिडकीचा पडदा स्वतः सरकवला, खुर्ची हातभर डावीकडे ओढली, आणि ओन्निकनं लावलेला दिवा विझवला. "देवाचं ऊन असताना वीज कशाला जाळतोस?" मग बसला.

सिरवार्तनं तानाबूर आणलं. दह्यात शिजवलेली गव्हाची पेज, वर लोण्यात परतलेला पुदिना, आणि वाफ इतकी की भिंग धुरकटलं. ओन्निकनं ते बाहीनं पुसलं. ताट समोर येताच त्याचा हात सवयीनं खाली निघाला. त्यानं दुसऱ्या हातानं त्या हाताला धरलं आणि वर आणलं. सिरवार्तनं ते बघितलं आणि टेपचं बटण दाबलं.

"उस्ता, जरा इकडे..."

"बघणार नाही. खातोय."

उस्तानं चमचा भरला, त्यावर फुंकर मारली, खाल्लं. दुसरा चमचा, फुंकर, खाल्लं. घाई नाही. कॅमेरा घर्रघर्र करत होता, थांबत होता, ओन्निक चावी पिळत होता, उस्ता थांबत नव्हता. वाटी अर्धी झाली तोवर पेज कोमट झाली असणार, तरी प्रत्येक चमच्यावर फुंकर. शेवटच्या चमच्यावरसुद्धा. वाटी रिकामी झाली. त्यानं तोंड पुसलं आणि मग पहिल्यांदा भिंगाकडे पाहिलं.

"माझी बहीण होती, नझेली. माझ्याहून लहान, चार-पाच वर्षांची असेल. गुरूनहून आम्हाला काढलं तेव्हा आई होती, मग ती रस्त्यात पडली, मग आम्ही दोघंच. खायला नव्हतं. नझेली रस्त्यातले खडे वेचायची, ओंजळीत घ्यायची, त्यावर फुंकर मारायची आणि मला म्हणायची, खा दादा, गरम आहे, हळू. घरी भातुकली खेळायची ना, तसं. मी तोंड हलवायचो. ती विचारायची, चांगलं झालंय? मी म्हणायचो, चांगलं झालंय. मग ती समोरून हात पुढे करायची, मला वाढ. मी फुंकर मारून द्यायचो. असे किती दिवस, ते माहीत नाही. एक दिवस सकाळी मी उठलो आणि ती उठली नाही. बाकीचे चालायला लागले, मलाही चालावं लागलं." तो थांबला. "अनाथालयात तो चमचा धरून बसलो होतो तेव्हा मला फुंकर मारायची होती. एकदाच. पण हलायचं नव्हतं. आणि नंतर फुंकर मारण्यासारखं काही राहिलंच नाही."

सिरवार्त टेपपाशी तोंडाला एप्रनचं टोक लावून उभी होती. मग तिनं वाटी उचलली, आत गेली आणि पुन्हा भरून आणली. उस्तानं नाही म्हटलं नाही. ओन्निकनं तेही टिपलं, डोळ्यांना काही दिसत नसताना, नुसत्या हाताच्या अंदाजानं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, पंधरा साली मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस असतो त्या आठवड्यात, चर्चच्या सभागृहात चित्रपट लागला. उभं राहायला जागा नव्हती. ओन्निकनं पुन्हा सगळ्या घरी जाऊन सगळ्यांना खाताना टिपलं होतं. त्यासाठी वर्षभर त्याला दुसऱ्यांदा जेवावं लागलं, पण त्याची कीव कुणाला आली नाही. माक्रुहीआजी मांतीचा चमचा हातात घेऊन किल्लीची गोष्ट सांगताना दिसली तेव्हा सभागृहातली माक्रुहीआजी मोठ्यानं म्हणाली, "लसूण कमी पडलाय त्यात." होव्सेप नव्हता. त्याच्या जागी ओन्निकनं तेच लग्नाचं रीळ ठेवलं होतं, टाय, पेला, आणि पुढे थोडा वेळ काळा पडदा. झारेह त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला.

सगळ्यांत शेवटी उस्ता. खरा उस्ता पहिल्या रांगेत बसला होता आणि ओन्निकच्या कानात पुटपुटत होता, "उजेड डावीकडून जास्त झाला. नाक मोठं दिसतंय माझं." पडद्यावर त्यानं खायला सुरुवात केली. दर अर्ध्या मिनिटाला चावी संपलेली, त्यामुळे वाटीतली पेज एकदम खाली उडी मारायची. आधी पोरं हसली. मग बायकांना फुंकर दिसली. नंतर त्यानं नझेलीची गोष्ट सांगितली. जिथे चावी संपली होती तिथे नुसता आवाज होता आणि पडद्यावर रिकामी वाटी. गोष्ट संपली. वाटी रिकामीच होती. चित्रपट तिथे संपत होता.

अंधारात मागून कुणीतरी म्हातारी ओरडली, "अरे, कुणीतरी वाढा रे त्याला!"

आणि सगळं सभागृह एकदम रडायला लागलं. माणसं खुर्च्यांचा आधार घेऊन रडत होती, डॉक्टर बार्केव हातात चष्मा घेऊन रडत होते. ओन्निक तर आधीपासूनच रडत होता. फक्त पहिल्या रांगेतला उस्ता काठी टेकत उठला, मागे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "वाढलं होतं! सिरवार्तनं वाढलं होतं, काठोकाठ! या गाढवानं कापून टाकलं."

ओन्निकनं ती दुसरी वाटी खरंच कापली होती. तेच ते पुन्हा कशाला, लोक कंटाळतील, असं त्याला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो कचऱ्याच्या टोपलीत हात घालून बसला, आणि त्यानं फिल्मचा तो तुकडा शोधला, पुसला आणि जोडला. त्यानंतर तो चित्रपट जिथे जिथे लागला, तिथे तिथे उस्ता दोन वाट्या खातो, आणि दुसरी संपेपर्यंत दिवे लावू देत नाहीत.